एक्क्याण्णव भोकं आणि "मॅडम, उद्या नक्की"

पितळेच्या सळ्यांचं वाजणारं शिल्प केलं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो सुरांचा. सूर हा यातला सोपा भाग. एका टोकाला घट्ट धरलेल्या सळीची लांबी अर्धी केली की कंपनं चौपट होतात. वरचं सप्तक हवं तर लांबी साधारण 0.7 पट करायची. मला छळलं ते या सळ्या प्लेटमध्ये उभ्या बसवायच्या भोकांनी.

अमेरिकेत शिल्पकार हॅरी बर्टोया यांनी 1960 नंतर अशी शिल्पं घडवली. ते सळ्या चांदीच्या ब्रेझिंगने, म्हणजे चांदीमिश्रित धातू वितळवून, प्लेटवर जोडत. माझ्या पितळेला मात्र तेवढी उष्णता दिली की सळी बुडाशी मऊ पडते आणि आवाज दबतो. म्हणून 20 मिमी जाड लोखंडी प्लेटला भोकं पाडून सळ्या ठोकून बसवायचं ठरवलं.

मांडणी षटकोनी. चौकोनी जाळीत तिरप्या शेजारणीचं अंतर 1.41 पट होतं, त्यामुळे सळ्या सगळ्या बाजूंना एकसारख्या आपटत नाहीत. षटकोनात आतल्या प्रत्येक सळीला सहा शेजारणी, सगळ्या सारख्याच अंतरावर. कडेला सहा, मग एकेक वाढवत मध्ये अकरा, पुन्हा एकेक कमी करत सहा अशा ओळी लावल्या की 91 होतात. दोन सळ्यांत 20 मिमी ठेवले तर दोन ओळींत 17.32 मिमी.

या 17.32 वर भोसरीतल्या एका जॉबवर्कवाल्यांकडे सगळं अडलं. "17 करू ना मॅडम, काय फरक पडतो?" फरक पडतो! दहा ओळींत तीन मिमीहून जास्त चूक साठते आणि षटकोन चेपतो. ते पटवून झालं, मग "एकच पीस आहे, मोठी ऑर्डर निघाली की घेतो." फोन केला की "उद्या नक्की." प्रत्यक्ष गेले की माझी प्लेट भिंतीला तशीच टेकलेली. त्यांचं पोट बॅचच्या कामावर चालतं, हे मला कळतं. पण मग पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं! शेवटी प्लेट मिळाली ती झिजलेल्या ड्रिलने पाडलेल्या भोकांची. सळी आत डुगडुगायची. बूड हललं की कंपनं तिथेच विरतात, कानावर नुसती झरझर येते.

दुसऱ्या वर्कशॉपमध्ये डीआरओ (किती सरकलं ते आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) लावलेलं मिलिंग मशीन होतं. तिथल्या काकांनी ड्रॉइंग पाहून एकच विचारलं, "रीमर मारायचाय ना?" रीमर म्हणजे ड्रिलनंतर भोक नेमक्या मापाचं आणि गुळगुळीत करणारं हत्यार. मला रडूच यायचं बाकी होतं. नवी प्लेट, आधी ड्रिल, मग रीमर. सळ्या हातोडीने बसल्या त्या कायमच्या.

म्हणून सांगते, आधी सळ्या घ्या, मायक्रोमीटरने मोजा आणि मगच रीमरचं माप द्या. बाजारातली 6 मिमी जाडीची सळी नेमकी 6 नसते. पितळ वजनावर मिळतं: 60 सेंमीच्या 91 सळ्यांचे सुमारे 13 किलो होतात, थोड्या जास्तच घ्या. काचेवर लोळवून पाहिल्या की वाकड्या लगेच कळतात. एवढ्या सळीचा मूळ सूर सेकंदाला जेमतेम आठ कंपनांचा, तो कानाला येतच नाही, डोळ्यांना डोलणं दिसतं. ऐकू येतात ते वरचे सूर आणि सळ्यांची आपटणी. हाताने सगळ्या एकदम एका बाजूला दाबून सोडल्या की खोली कितीतरी वेळ भरलेली राहते, आणि हे मी केलंय याचा मला मनापासून अभिमान आहे.

हो, आणि प्लेट थेट फरशीवर ठेवू नका. खाली पोकळ लाकडी खोकं द्या, खालचे सूर उठून येतात.