जर्मनीत बापाची रजा: माझा अनुभव

नोव्हेंबर 2024 मध्ये स्टुटगार्टला आमचा मुलगा झाला. माझ्या रजेची, म्हणजे इथल्या भाषेत एल्टर्नत्साइटची, तयारी मात्र उन्हाळ्यातच सुरू झाली होती. ओळखीच्या मराठी मंडळींचा सल्ला एकच: "आधी बॉसला विचारून बघ." तो कुठून येतो ते कळतं. आपल्याकडे कायद्याने आईला 26 आठवडे मिळतात, पण खासगी नोकरीतल्या बापाला काहीच नाही, त्यामुळे साहेबाची मर्जी सांभाळायची सवय अंगात मुरलेली असते. जर्मनीत तसं नाही. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत ही रजा आईइतकीच वडिलांचीही आहे. ती मागायची नसते, वेळेत कळवायची असते. कंपनीला नाही म्हणता येत नाही.

वेळेत म्हणजे किमान सात आठवडे आधी. इथे एक बारकावा आहे. रजा कळवली की तुम्हाला नोकरीवरून काढता येत नाही, पण हे संरक्षण रजेच्या फार तर आठ आठवडे आधीपासून सुरू होतं. म्हणून फार घाईही करू नये. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मागे मोजत गेलो आणि मधला तो एक आठवडा साधून पत्र दिलं. कागदावर, पेनाने सही करून, पोच घेऊन. तेव्हा ईमेल चालत नसे. 1 मे 2025 पासून जन्मलेल्या मुलांसाठी चालतो.

पत्रात बाळाचा पहिला आणि तेरावा महिना लिहिला. एल्टर्नगेल्ड हा सरकारी भत्ता निव्वळ पगाराच्या साधारण 65 टक्के असतो, महिन्याला जास्तीत जास्त 1800 युरो. वडिलांनीही निदान दोन महिने घेतले तर घराला 12 ऐवजी 14 महिने मिळतात. 1 एप्रिल 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी दोघांना पूर्ण भत्ता एकाच वेळी हवा असेल तर तो पहिल्या वर्षात एकच महिना मिळतो. तो आम्ही अगदी सुरुवातीला ठेवला. सांगलीहून सासूबाई येणार होत्या, पण शेंगेन व्हिसावर 90 दिवसांपलीकडे राहता येत नाही, आणि ते दिवस आम्हाला पुढच्या कडक थंडीसाठी राखायचे होते.

बॉसने विचारलंच, "डिसेंबरात रिलीज आहे, फेब्रुवारीत घेतलीस तर?" तारखा बदलणार नाहीत असं स्पष्ट सांगितलं, आणि कोणतं काम कोणाकडे जाईल याची यादी त्याच बैठकीत पुढे ठेवली. विषय तिथेच मिटला. पगार विभागाला पुढच्या वर्षीची रजा 1 ते 31 डिसेंबर हवी होती, हिशेबाला सोपी म्हणून. तिथेही मी हललो नाही. भत्त्याचा महिना बाळाच्या जन्मतारखेने मोजतात. मुलगा 14 तारखेचा, म्हणजे महिना 14 ते 13. मधल्या दिवसांचा पगार त्यात घुसला की भत्ता कापला जातो.

सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो जन्मदाखल्याने. पुण्याच्या विवाह दाखल्याचा शपथबद्ध अनुवादकाकडून अनुवाद, मग पुन्हा एखादा कागद, मग वाट बघणं. भत्ता मागच्या तीनच महिन्यांचा मिळतो, त्यामुळे धाकधूक होती. भत्त्याच्या कार्यालयात फोन केला, तर बाईंनी नीट समजावलं: अर्ज आत्ता द्या, दाखला मागाहून पाठवा, अर्ज पोचल्याची तारीख धरली जाते. तसंच केलं, एकही महिना बुडला नाही.

तेरावा महिना कीतासाठी, म्हणजे पाळणाघरासाठी. एक वर्षाच्या मुलाला तिथे जागा मिळण्याचा हक्क 2013 पासून कायद्यात आहे, पण मूल सोडून लगेच निघता येत नाही. सुरुवातीला मी त्याच खोलीत कोपऱ्यात बसायचो. मग काही मिनिटं बाहेर, दाराशी. तो रडला आणि ताईंकडे शांत झाला, तर दुसऱ्या दिवशी थोडा जास्त वेळ. नाही झाला, तर पुन्हा कोपरा. हे काम कामाच्या दिवशी, सकाळीच करावं लागतं, आणि त्याच आठवड्यांत बायको आठवड्याला 28 तासांवर कामावर रुजू झाली होती. तिची एल्टर्नत्साइट चालूच आहे, त्यात 32 तासांपर्यंत काम करता येतं, आणि ती संपली की पूर्ण वेळेची नोकरी तिला परत मिळते.

तुमच्याकडे बाळ येणार असेल तर आधी कॅलेंडर काढा, मग पत्र लिहा. बॉसला त्यानंतर सांगा.