उधारीच्या वहीतून सुटलेली कथा

लालबागच्या चाळीत खानावळ चालवणारी सुमन दारात उभी आहे. गिरणी कामगारांचा संप लांबणार हे तिला कळलंय. आणि पुढे काही घडतच नाही. माझी कथा इथे अडली होती.

माहिती कमी होती असं नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेलेले अडीच लाखांच्या आसपास कामगार, साचेखाते म्हणजे मागांचा विभाग, कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी घेतले जाणारे बदली कामगार, पाळ्यांचे भोंगे, हे सगळं वाचून झालं होतं. सुमनच्या मनातली घालमेलही पानंच्या पानं लिहिली होती. फिरून आले, कथा थोडे दिवस बाजूला ठेवून पाहिली, सुरुवात बदलली. ती मात्र दारातून हलेना.

मग कथा सोडून मी सुमनची उधारीची वही लिहायला घेतली. अगदी खरीखुरी, रकाने आखून. डाव्या बाजूला जेवायला येणाऱ्यांची नावं, पुढे महिन्याची बाकी. उजव्या बाजूला तिचं देणं: वाणी, रॉकेल, आणि कर्जाचा हप्ता. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. माझ्या मते गिरणगावाच्या इतिहासातलं हे फार मोठं काम आहे आणि त्याबद्दल कथांमधून फारच कमी येतं. सुमनलाही मी त्या गटात घातलं.

रकाने भरताना एका नावाशी थांबले. संगमेश्वरकडचा एक मुलगा, बदली कामगार, दोन महिन्यांची बाकी. पगार बंद म्हटल्यावर हा मुंबईत कशाला राहील? पुष्कळ जण गावी परतलेच होते. तोही जाणार. कसा? कोकण रेल्वे तेव्हा नव्हती, म्हणजे एसटीनेच. रात्रीची गाडी धरायची तर जेवण लवकर लागणार. म्हणजे चुलीवर अजून भात शिजतोय तेवढ्यात तो दारात येऊन विचारणार, "मावशी, आज गावी चाललो. जरा लवकर वाढाल?"

हे वाक्य कागदावर उतरलं आणि मला हायसं वाटलं. आता सुमनला काहीतरी करावंच लागणार होतं. बाकीचा विषय काढायचा की नाही? वाढायचं तर कुणाच्या वाटचं? वाटेत खायला भाकरी बांधून द्यायची का? तिने बांधून दिली, बाकीबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानावरून जायचं टाळलं. तिचं मन सांगणारी आधीची पानं मी काढून टाकली. त्या टाळण्यात ते सगळं आलं होतं.

पुढचे प्रसंग वहीतल्या उजव्या रकान्यानेच पुरवले. शेवट मात्र मी वेगळा ठरवला होता. खानावळ मोडून सुमनही साताऱ्याकडे आपल्या गावी जाते, असा. पण तिच्या कर्जाला गटातल्या बायका जामीन होत्या. ती निघून गेली तर हप्ता त्यांच्या डोक्यावर येणार, आणि आठ पानं तिच्याबरोबर काढल्यावर मला पक्कं माहीत होतं की ती हे करणार नाही. तिला मी मुंबईतच ठेवलं, निम्म्या ताटांवर चालणाऱ्या खानावळीत, आणि कथा संपादकांकडे पाठवून दिली.