पहिला हप्ता जोत्यानंतर

परवा पुन्हा एकदा घरकुलाच्या जोत्याच्या, म्हणजे पायावरच्या चौथऱ्याच्या, फोटोसाठी अभियंत्यांसोबत गेले होते. खरं तर ते माझं काम नाही. मी नगरपरिषदेत समुदाय संघटिका आहे, बचत गटांचं बघते. पण ज्यांचं घर होतंय त्या मावशी माझ्या गटातल्या, म्हणून गेले. मोबाईलवर ठिकाण नीट येईपर्यंत उन्हात थांबावं लागतं. फोटोत मागे जोतं पूर्ण दिसावं लागतं आणि पुढे घरमालकीण उभी पाहिजे. मावशींनी त्यासाठी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. तीन महिने चार पत्रे आणि एका ताडपत्रीखाली राहणाऱ्या बाईने ती कोरडी कुठे जपून ठेवली असेल, हेच मी बघत राहिले.

फोटो काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, आता तरी पडतील का पैसे?"

हा प्रश्न मी इतक्या दारांत ऐकलाय की त्याबद्दल नीट लिहावंच असं वाटलं.

पंतप्रधान आवास योजना शहरी, 2015 मध्ये सुरू झालेली. तिच्यात चार घटक होते. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात मुख्यतः एकच चालतो: स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधायचं आणि अनुदान घ्यायचं. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत हवं आणि देशात कुठेही पक्कं घर नको. लोकांना "अडीच लाख" एवढंच ठाऊक असतं. ते कसे येतात हे जुनं घर पाडल्यावर कळतं.

अर्ज नगरपरिषदेत येतात. छाननी होते, शंभर-दोनशे नावांचा मिळून एक प्रकल्प अहवाल होतो. तो म्हाडाकडे, तिथून राज्याच्या समितीकडे आणि मग दिल्लीच्या मंजुरी समितीकडे जातो. मंजुरीनंतरही केंद्राचा पैसा एकदम येत नाही. 40, 40 आणि 20 टक्के असा तीन टप्प्यांत येतो आणि पुढचा टप्पा मागायला आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे तो पैसा खर्च झाल्याचा दाखला, लागतं. म्हणजे एका गल्लीतली पाच घरं पायाच्या कामात अडकली, तर ज्याचा स्लॅब टाकून झालाय त्याचाही हप्ता लांबू शकतो. तो माणूस येऊन माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याला हे समजावून सांगणं मला फार जड जातं. त्याने तर सगळं वेळेत केलेलं असतं.

पण माझं खरं दुखणं पहिल्या हप्त्याचं आहे. आमच्याकडे तो जोतं झाल्यावर पडतो. जोत्यापर्यंत यायलाच खोदाई, दगड, सिमेंट, मुरूम, मजुरी धरून 60-70 हजार लागतात. हे पैसे ज्याच्या हातात आहेत तो पुढे सरकतो. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठीच तर योजना आहे, आणि तोच कार्यारंभ आदेश घडी घालून डब्यात ठेवतो. वर्षभराने आमच्या यादीत त्याच्या नावापुढे शेरा पडतो, "लाभार्थी इच्छुक नाही". हा शेरा वाचला की माझा जीव तुटतो. इच्छा नव्हती असं एकही घर मी पाहिलेलं नाही.

शिवाय बांधकाम चालू असताना राहायचं कुठे? घरभाडं कुठल्याच हप्त्यात धरलेलं नाही. वाळूचं आता बरं झालंय, घरकुलाला पाच ब्रास मोफत द्यायचं शासनाने ठरवलं. पण ती घाटावरून आणायचा ट्रॅक्टर आपलाच.

मावशींचं जोतं कसं उभं राहिलं तेही सांगते. त्यांच्या गटात दहा बायका. प्रत्येकीची महिन्याला शंभर रुपये बचत, तीन वर्षं एकही महिना न चुकता. त्यात नागरी उपजीविका अभियानातून मिळालेला दहा हजारांचा फिरता निधी. मार्चच्या बैठकीत सचिव ताईंनी वही उघडली आणि म्हणाल्या, "ह्या खेपेला कुणी शिलाई मशीनला मागू नका. आपल्या बाईचं घर उघड्यावर आहे." पंचवीस हजार एकमताने दिले. नऊ सह्या आणि एक अंगठा. उरलेली रक्कम मावशींनी पोराच्या मुकादमाकडून उचल घेऊन भागवली. ती उचल पोराला ऊसतोडीत फेडावी लागणार आहे.

जे दहा बायकांना जमलं ते नगरपरिषदेला जमायला हवं, असं मला मनापासून वाटतं. महिला व बालकल्याणासाठी अर्थसंकल्पात पाच टक्के राखून ठेवावे लागतात. आमच्याकडे ते बहुतेक प्रशिक्षण वर्ग आणि साहित्य वाटपात जातात. घर महिलेच्या किंवा दोघांच्या नावावर असावं असं योजनाच म्हणते. मग त्या निधीतला थोडा भाग गटांमार्फत जोत्यासाठी बिनव्याजी फिरवता येणार नाही का? पहिला हप्ता पडला की परत घ्यायचा, पुढच्या बाईला द्यायचा. वसुली कशी करायची हे गटांना शिकवावं लागणार नाही. नियमात कुठे बसेल, ठराव कसा घ्यायचा, हे लेखा विभागाने बघावं. मी तसं दोन पानी टिपण लिहून दिलंय. त्यासोबत "इच्छुक नाही" शेऱ्याच्या अकरा घरांची यादी जोडली आहे. प्रत्येक घरी जाऊन, काम कुठे अडलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलंय.

टिपण अजून टेबलावर आहे. मी दर सोमवारी विचारते.

मावशींचा फोटो मंजूर झाल्याचं काल संध्याकाळी कळलं. सांगायला गेले तर त्या जोत्यावर पाणी मारत होत्या, नातवाच्या हातात पाइप. पैसे खात्यावर आले की आधी गटाचे पंचवीस हजार देणार, म्हणाल्या. पुढच्या बैठकीत गल्लीतल्याच दुसऱ्या एकीचा अर्ज आहे, तिचा पाया खोदून पडलाय.