माईंचा ताळेबंद

संक्रांत ते रथसप्तमी एवढ्या दिवसांत वाईत घरोघरी हळदीकुंकू असायचं. पण आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू म्हणजे वर्षाचं संमेलनच! वाड्याच्या माडीवर जाजमं, कोपऱ्यात बोरं-हरभऱ्यांची सुगडं, मग उखाणे, संगीत खुर्ची, एखादी नाट्यछटा आणि शेवटी मसाला दूध. दुधाच्या आधी मात्र माईंचा ताळेबंद ऐकावाच लागे. माई मंडळाच्या चिटणीस, शिक्षण मराठी सातवी. जमाखर्च असा खणखणीत वाचायच्या की आम्हा पोरींना त्यातलं काही कळत नसूनही हसायची छाती होत नसे.

1963 चं संमेलन मला सगळ्यात जास्त आठवतं. आदल्या वर्षी, 1962 च्या 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि महिन्याभरात युद्ध थांबलंही. पण सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत आपली पोरं हिमालयात लढली, हे सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. त्यात आमचा सातारा जिल्हा. जिथलं कुणी पलटणीत नाही असं गाव शोधूनही सापडलं नसतं. कऱ्हाडचे यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हा तर लढाई आपल्याच दारात आल्यासारखं बायका बोलायच्या. संरक्षण निधीला माईंनी पाटल्या दिल्या. गावात अजून त्या पाटल्यांचीच गोष्ट सांगतात. मला विचाराल तर पाटल्या देणं सोपं होतं. अवघड होतं ते लोकरीचं खातं.

मंडळाने शेवाळी रंगाची लोकर आणली होती. माईंनी किराणा दुकानातून तराजू मागून आणला. लोकर देताना वजन करायचं, स्वेटर परत आला की पुन्हा वजन करायचं आणि दोन्ही आकडे वहीत. बायका दुखावल्या. एकीने तोंडावर विचारलं, "माई, आम्ही काय लोकर चोरतो?"

माई वजनाचा काटा बघत म्हणाल्या, "माझी असती तर मोजली नसती. जवानाची आहे."

एवढ्यावर भागत नव्हतं. आलेला प्रत्येक स्वेटर दूध घालायला येणाऱ्या गड्याच्या डोक्यातून जातो का, ते बघितलं जाई. तो बिचारा रोज सकाळी कासंडी खाली ठेवून हात वर करून उभा. गळा अडकला की माई त्याच्या अंगावरच टाके सोडवायला घेत. एका बड्या घरच्या सूनबाईंचा स्वेटर त्यांनी तिच्यादेखत निम्मा उसवला होता. मोजे विणणं सगळ्यांत कठीण, टाचेपाशी भल्याभल्या अडायच्या. माझ्या आईच्या वाट्याला म्हणून कायम माकडटोप्या आल्या.

बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माईंच्या ओसरीवर येत. पदराच्या गाठीतून पोराचं पत्र काढायच्या, माई वाचून दाखवायच्या आणि उत्तर लिहायच्या. वर पत्ता '56 एपीओ', म्हणजे लष्कराच्या टपालाचा. आपला मुलगा 56 नंबरच्या घरात राहतो, अशी त्यातल्या एकीची पक्की समजूत होती. माईंनी ती कधी मोडली नाही.

1965 साली शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. बायका म्हणाल्या, सोमवार तर आम्ही धरतोच. माई म्हणाल्या, "तो शंकराचा. त्याला साबुदाणा चालतो. शास्त्रींच्या सोमवारला काही चालत नाही." त्या सोमवारचे तांदूळ मंडळाच्या डब्यात जायचे आणि त्यांचाही हिशेब असायचा.

त्याच वर्षी पाकिस्तानशी झालेल्या लढाईत जवळच्या एका गावातला जवान गेला. बायको विशीतली. पेन्शनच्या कागदांसाठी माई तिला घेऊन साताऱ्याला सोल्जर बोर्डात हेलपाटे घालायच्या. मंडळाच्या शिवणवर्गात तिला मशीनवर बसवलं. मग संक्रांत आली आणि प्रश्न पडला. हळदीकुंकवाला ती कुठे बसणार? कुणीतरी, अगदी मायेने, सुचवलं की तिने मागे दुधाचं बघावं.

माईंनी निमंत्रणाचा कागदच बदलला. हळदीकुंकू गेलं, 'तिळगूळ समारंभ' आला. दारात कुंकवाचा करंडा नाही, फक्त अत्तरदाणी आणि गुलाबदाणी. पहिलं अत्तर तिच्या हाताला लावलं. स्वतः माईंच्या कपाळावर कुंकू होतं, त्यामुळे त्यांना उलट बोलणं जड जात होतं. तरी त्या वर्षी माडी निम्मीच भरली. आईला घरी बोलणी बसली आणि ती तरीही गेली, मला बोटाला धरून. पुढच्या वर्षी रुसलेल्या बऱ्याच जणी परत आल्या. मतं बदलली म्हणून की मसाला दूध दुसरीकडे तसं मिळत नव्हतं म्हणून, ते मी सांगू शकत नाही.

1971 च्या सुमारास बांगलादेशचे निर्वासित लाखांनी येत होते. मंडळाने जुनी लुगडी, धोतरं धुऊन, घडी करून पाठवली. फाटकं एकही जायचं नाही, ही माईंची अट. 15 नोव्हेंबरपासून टपालावर निर्वासितांच्या मदतीचं 5 पैशांचं जादा तिकीट लावावं लागे.

तोवर चिटणीसपद त्या शिवणवर्गातल्या बाईंकडे आलं होतं. 1972 च्या समारंभात ताळेबंद त्यांनी वाचला. आवाज थोडा कापत होता, पण आकडे स्वच्छ. 'टपालखर्च' म्हणून त्यांनी रक्कम सांगितली, तोच मागच्या रांगेतून माईंचा आवाज आला, "त्यात पाच-पाच पैशांची तिकिटंही धरलीत का?"

"हो माई."

"ते टपाल नव्हे, मदत. वेगळ्या रकान्यात मांडा."

बाईंनी तिथेच उभ्याने पेन्सिल काढली, बेरीज फोडून दोन रकाने केले आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं. मागे दूध उतू गेल्याचा वास येत होता, पण उठायची कुणाची टाप नव्हती.