लेदरची अंतर्वस्त्रं: आधी उलटी करून बघा

लेदर धुता येत नाही, आणि अंतर्वस्त्रं धुतल्याशिवाय चालत नाही. लेदरची ब्रा, पँटी किंवा कॉर्सेट घेतल्यावर मागे लागणारी बहुतेक कटकट इथूनच सुरू होते. म्हणून वस्तू हातात आली की आधी ती उलटी करा. घामाच्या जागी, म्हणजे काखेखाली, छातीखालच्या पट्ट्याला आणि मांड्यांच्या मध्ये, सुती अस्तर हवं. मांड्यांमधलं अस्तर टिचबटणांनी सुटं होत असेल तर उत्तम, तेवढंच काढून रोजच्यासारखं धुता येतं. त्या जागी थेट लेदर लागणारी पँटी कितीही मऊ असली तरी आम्ही सुचवणार नाही. पट्ट्यांचा हार्नेस बिनअस्तराचा चालतो; तो पुसायला सोपा असतो आणि कपड्यावरूनही घालता येतो.

अंगालगतच्या कपड्यांसाठी कोकराचं नापा, म्हणजे मऊ गुळगुळीत लेदर सगळ्यात जास्त वापरतात. साधारण ०.५ ते ०.८ मिमी जाडीचं हे लेदर अंगावर छान बसतं, पण नखानेही ओरखडतं. शेळीचं लेदर तितकंच पातळ मिळतं आणि जास्त चिवट असतं. रोजच्या वापराला आमची पसंती त्याला. गुरांचं १ मिमीच्या वरचं कातडं पट्टे आणि हार्नेससाठी ठीक, कपसाठी नाही.

लेदरसारखं दिसणारं नकली लेदर बहुतेकदा पीयूचं असतं, म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा (एक प्लॅस्टिक) थर. दमटपणाने तो हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि त्याचे पोपडे निघतात. नुसतं कपाटात ठेवलं तरी हे टळत नाही. कापलेली कड बघा: खऱ्या लेदरमध्ये गुंतलेले तंतू दिसतात, पीयूच्या खाली कापडाची वीण.

मापाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लेदर अंगाच्या उबेने सैल होतं आणि कापडासारखं परत आवळत नाही. ब्राच्या पट्ट्याचा पाठीकडचा भाग इलॅस्टिकचा असावा आणि नवीन असताना ती सगळ्यात सैल हुकावर नीट बसावी, म्हणजे पुढे आवळायला जागा उरते. दोऱ्या आवळायच्या कॉर्सेटमध्ये सुरुवातीला पाठीवर ५ सेंमीच्या आसपास फट राहू द्या. घालून बघताना बसा, वाका, हात वर करा. उभ्याने सगळंच बसतं.

शिवणही तपासा. सुई लेदरमध्ये जे भोक पाडते ते कायमचं. टाके ३ ते ४ मिमीचे हवेत. त्याहून दाट असले तर शिवण टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटते. याच कारणाने लेदरचा कपडा आत घेता येतो, पण उसवून सैल केला की जुन्या भोकांची रांग उघडी पडते. शंका असेल तर थोडं मोठं माप घ्या.

निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर कड्या आणि बकल स्टेनलेस स्टीलचे घ्या. स्वस्त चकचकीत मुलामा झिजला की खालचं निकेल त्वचेला लागतं. क्रोम वापरून कमावलेल्या लेदरमध्ये काही वेळा सहा-संयुजी क्रोमियम तयार होतं, त्यानेही पुरळ उठते. युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या लेदरमध्ये त्याची मर्यादा २०१५ पासून किलोला ३ मिलिग्रॅम आहे. विक्रेत्याला तपासणीबद्दल विचारायला संकोच करू नका. गडद रंगाचं लेदर असेल तर ओलसर पांढऱ्या फडक्याने आतून दहा वेळा घासा. फडक्यावर रंग आला तर तो अंगावरही येणार.

वापरल्यावर लगेच उलटं करा, पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि सावलीत हवेशीर जागी दिवसभर सुकू द्या. हेअर ड्रायर, ऊन, इस्त्रीची वाफ नको. ओल्या लेदरला उष्णता लागली की त्यातले कोलॅजनचे तंतू आखडतात. कपडा आक्रसून कडक होतो, तो परत मऊ होत नाही. अंगाचा साबण आणि डिटर्जंटही नकोत. लेदर किंचित आम्लधर्मी असतं आणि साबण अल्कधर्मी, शिवाय तो लेदरमधलं तेल काढून घेतो. डाग जाणार नसेल तर लेदरचाच क्लीनर वापरा, आधी आतल्या कोपऱ्यात तपासून. तेल किंवा लोशन सांडलं तर घासू नका. कॉर्नफ्लॉवरचा जाड थर टाका, रात्रभर ठेवा, सकाळी झटका. लोशन, डिओ आणि परफ्यूम लावून पूर्ण सुकल्यावरच लेदर घाला.

लेदर मऊ ठेवणारा लेदरचा कंडिशनर तीन-चार महिन्यांतून एकदा, आणि पातळ नापाला वाटाण्याएवढा पुरतो. जास्त लावला तर लेदर लुळं पडतं आणि कपचा आकार जातो. स्वयंपाकाचं तेल लावू नका, ते खवट होतं. स्वेडला, म्हणजे मखमलीसारखी लव असलेल्या लेदरला, क्रीम लागत नाही, त्याला ब्रशच.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी टाळा. आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. सुती पिशवी, सोबत सिलिका जेल, कपमध्ये पांढरा टिश्यू पेपर. दमट दिवसांत आठवड्याला एकदा बाहेर काढून वारं लागू द्या. घडी घातली तर घडीची रेघ राहते, म्हणून कॉर्सेट सपाट ठेवा किंवा गुंडाळा. पेटंट, म्हणजे काचेसारखं चकचकीत लेदर दुसऱ्या रंगाला चिकटून ठेवू नका, ते रंग शोषून घेतं. लेटेक्सचे (रबराचे) कपडेही वेगळ्या खणात ठेवा, कारण लेदरच्या तेलाने लेटेक्स खराब होतं.