तुम्ही विचारलंत म्हणून: आईंशी खोटं का बोलते?

घरी आलेलं माणूस निघताना, चपला घालता घालता, हळूच विचारतं, "आप्पा गेले हे त्यांना सांगत का नाही? खोटं बोलवतं कसं?"

मला राग येत नाही. सासूबाईंना मी पंचवीस वर्षं बघते आहे, खोटं त्यांना कधी खपलं नाही. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याचा रतीब त्यांनी उभ्या उभ्या बंद केला होता. त्यांच्याच घरात त्यांच्याशी असं बोलताना सुरुवातीला माझीही जीभ अडखळायची.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, २०१६ साली वारले. आईंचा स्मृतिभ्रंश अल्झायमरचा आहे, हे २०१९ मध्ये कळलं. त्याआधी डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घेतलं होतं. त्यांच्या कमतरतेनंही विसर पडतो आणि तो उपचारांनी कमी होऊ शकतो. म्हणून 'वय झालं, चालायचंच' म्हणत घरी बसू नका, हे मी भेटेल त्याला सांगते.

त्याच वर्षी एका दुपारी आईंनी विचारलं, "हे आले नाहीत गं अजून?" मी खरं ते सांगितलं. "आई, आप्पा गेले ना. तीन वर्षं झाली." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "कधी? आणि मला कुणी सांगितलं नाही?" आप्पांना अंगणात ठेवलं होतं तेव्हा रडल्या होत्या, तशाच त्या रडल्या. अर्ध्या तासानं डोळे पुसले, दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे आले नाहीत गं अजून?" मला वाटलं, पुन्हा सांगितलं की बसेल डोक्यात. रात्रीपर्यंत मी त्यांना तीनदा विधवा केलं.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. काय होतंय विचारलं तर सांगता येईना. नुसता पदर पिळत बसल्या.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी गोष्ट लक्षात राहायची तर त्याची मदत लागते, आणि या आजारात बहुधा तोच लवकर झिजायला लागतो. म्हणून सकाळचा चहा आठवत नाही आणि माहेरच्या विहिरीच्या पायऱ्या मोजून सांगता येतात. पण ऐकलेलं पुसलं गेलं तरी त्यानं जिवाला लागलेला चटका तितक्या लवकर जात नाही. आईंच्या हाती कारण राहत नव्हतं, नुसतं रडू राहत होतं. असलं खरं सांगून मी त्यांना काय देत होते?

आता त्या विचारतात तेव्हा मी उलट विचारते, "कुठं गेलेत?" मग त्याच सांगतात. कधी बाजाराला, कधी ऊस तोडायला. "उन्हाचं गेलेत, टोपी नेली का?" असं मी म्हटलं की टोपीवरून सुताची, सुतावरून मागाची गोष्ट निघते. आप्पांची आठवण आली की त्यांना आप्पांबद्दल बोलायचं असतं. माझ्याकडून बातमी नको असते. हे कळायला मला फार दिवस लागले.

संध्याकाळ अवघड जाते. आपल्याकडे कातरवेळ म्हणतात ना, ती या आजारात फार जड होते. दिवसभराचा शिणवटा असतो, उजेड उतरतो, कोपऱ्यांत सावल्या पडतात, आणि ओळखीची खोली परकी होते. "मला घरी जायचंय," म्हणून आई पिशवी भरायला घेतात. पन्नास वर्षं याच घरात राहिलेल्या बाईला 'हेच तुमचं घर' म्हणून वाद घातला की त्या चिडतात, घाबरतात. आम्ही पाचलाच सगळे दिवे लावतो, पडदे ओढतो. आरशावर चादर टाकतो, कारण आतली म्हातारी त्यांना ओळखू येत नाही. तरी निघाल्याच तर मी म्हणते, "चला." मारुतीच्या देवळापर्यंत जातो, परत येतो. दारात त्या म्हणतात, "आलं बाई घर."

एकदा मात्र दोनच दिवसांत त्या पार बिघडल्या. रात्रभर ओरडत होत्या, कुणाकुणाशी बोलत होत्या. आजार वाढला असं आम्ही धरून चाललो होतो. निघाला लघवीतला जंतुसंसर्ग. औषधानं आठवड्यात पुष्कळ निवळल्या. एकदम झालेला बदल दिसला की लगेच दाखवायचं, हे तेव्हापासून पक्कं ठरलं.

पाटल्या चोरल्याचा आळही माझ्यावर आला. त्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, त्यांनीच ठेवलेल्या. खूप लागलं होतं मला. पुढं वाचलं की डॉ. अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात तपासलेली ५१ वर्षांची ऑगस्ट डेटरही वस्तू लपवून ठेवायची. तिच्या आजाराचा त्यांनी अभ्यास केला, म्हणून पुढे या आजाराला डॉक्टरांचं नाव मिळालं. त्या बाईच्या घरातही कुणी माझ्यासारखं रडलं असेल, असं वाटून गेलं.

मग खोटं कुठवर? एका नातलगानं सुचवलं होतं, "सकाळी त्या जरा बऱ्या असतात, तेव्हा जमिनीच्या कागदावर सही घेऊन टाका. काय ते नंतर सांगू." मी नाही म्हटलं. घरात भांडण झालं, पण नाहीच म्हटलं. आईंचा जीव शांत राहावा म्हणून मी त्यांच्या जगात जाऊन बोलते. आमची सोय व्हावी म्हणून त्यांना फसवणार नाही. तुम्हाला दोन्ही खोटंच वाटेल, मला तसं वाटत नाही.

परवा तिन्हीसांजेला त्यांच्या पायांना तेल लावत होते. माझं नाव त्यांना आता आठवत नाही, मी 'पोरी' आहे. त्यांनी विचारलं, "पोरी, तुझे मालक कुठं असतात?"

"कामाला गेलेत, आई. अजून आले नाहीत."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "येतील गं. उशीर होतो कधी कधी. तू जेवून घे."