एका पत्त्यापायी बारा रात्री

आधीच सांगून ठेवतो, नंतर विसरेन: लिनक्समध्ये प्रॉकमधली आयओमेम फाइल (कोणत्या मेमरी-पत्त्यावर कोणतं यंत्र बसलंय त्याची यादी) उघडताना सुडो लावा, म्हणजे मालकाच्या हक्काने उघडा. सुडोशिवाय उघडली तर सगळे पत्ते नुसते शून्य दिसतात. एरर नाही, ताकीद नाही, शून्यांची रांग फक्त. ती पाहून मी ठरवलं की आपल्या बोर्डावर ही सोयच नसावी, आणि फाइल बंद केली. बारा रात्रींतल्या आठ तरी त्यातच गेल्या.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. वावरातल्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की बाबा थंडीत हरभऱ्याच्या ओलितासाठी उठून जातात. मोटर घरूनच चालू करावी, असं माझ्या डोक्यात आलं. घरात एक रास्पबेरी पाय ३, म्हणजे तळहाताएवढा लिनक्सचा कॉम्प्युटर, होताच. एवढ्या कामाला कर्नल ड्रायव्हर (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसून यंत्र चालवणारा प्रोग्राम) लागत नाही, पायथनच्या चार ओळी पुरतात. पण मला एम्बेडेडची, म्हणजे यंत्रांत बसवलेल्या कॉम्प्युटरांवरची, नोकरी हवी होती आणि मुलाखतीत दोनदा 'आयओरीमॅप काय करतो' या प्रश्नावर माझी दातखीळ बसली होती. (यंत्राचा पत्ता कर्नलला वापरता येईल असा करून देणारं ते फंक्शन.) म्हणून ड्रायव्हरच लिहायचा.

कर्नल हेडर्स, मेकफाइल, मॉड्यूल (चालू कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा तुकडा) लोड करणं एका दुपारी झालं. जीपीआयओ (प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या पिना) मधल्या १७ नंबरच्या पिनला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, जोडला. नेटवरून जुना नमुना घेतला. त्यात आयओरीमॅप नोकॅश होतं, ते कर्नल ५.६ पासून काढून टाकलंय, म्हणून साधं आयओरीमॅप लिहिलं. नमुन्यात जीपीआयओचा पत्ता होता हेक्समधला २०२०००००.

मॉड्यूल टाकलं आणि कर्नल ऊप्स, म्हणजे कर्नलच्या आतच चूक. शून्य पॉइंटर, पत्ता ४. एकदा ऊप्स झाला की ते मॉड्यूल काढताही येत नाही, दरवेळी पाय रीबूट करायचा. त्यात एकदा भलत्या वेळी लाईट गेली आणि एसडी कार्डच बसलं. सगळं पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. पत्ता ४ कुठून आला हे कळायला मला तीन रात्री लागल्या. सतरावी पिन ज्या फंक्शन सिलेक्ट रजिस्टरमध्ये (पिनचं काम ठरवणारा चिपमधला कप्पा) येते, ते ब्लॉकच्या सुरुवातीपासून चौथ्या बाइटवर आहे. म्हणजे सुरुवातच शून्य होती. आयओरीमॅपने नल, म्हणजे रिकामा पत्ता, दिला होता आणि मी तो तपासलाच नव्हता. ऊप्सच्या वर एक वॉर्निंगही छापलेली होती. मी खालच्याच ओळी वाचत बसलो. माझ्या बोर्डावर एक जीबी रॅम आहे आणि २०२००००० हा पत्ता पडतो ५१४ एमबीवर, म्हणजे भर रॅममध्ये. एआरएमवर (पायच्या प्रोसेसरची जात) रॅमचा तुकडा आयओरीमॅपला मागितला तर कर्नल तो देत नाही. बरोबरच करतो.

मग चिपचं डेटाशीट, म्हणजे माहितीपुस्तक, काढलं. फोनला रेंज फक्त स्लॅबवर, म्हणून घोंगडी पांघरून तिथेच बसलो. त्यात जीपीआयओ ७ई२००००० वर. वाटलं, सापडलं! यावेळी आयओरीमॅपने पॉइंटर दिला, रिले मात्र ढिम्म. आयओरीमॅप पान-तक्त्यात (कोणता आभासी पत्ता कोणत्या खऱ्या पत्त्यावर जातो त्याची वही) नोंद करून देतो, पलीकडे खरंच काही आहे का हे तो बघत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर त्याला चहा पाजला असता.

त्याच आठवड्यात बाबा तालुक्याहून तणतणत आले. कसल्याशा अर्जावर आबांच्या जुन्या कागदावरचा सर्व्हे नंबर लिहिला होता, खिडकीवरून अर्ज परत.

"वावर तेच हाये न बे! नंबर बदलला म्हणून का वावर बदलते?"

"बाबा, सातबाऱ्यावर आता गट नंबर येते. तोच लिहावा लागते."

एवढं मीच सांगितलं, अन् तरी माझ्या डोक्यात दोन दिवस प्रकाश पडला नाही. पडला तो आंघोळ करताना. डेटाशीटमधला ७ई वाला नंबर हा बसचा (चिपच्या आतल्या जोड-रस्त्याचा) पत्ता, प्रोसेसरचा नव्हे. तेच रजिस्टर प्रोसेसरला वेगळ्या नंबरावर दिसतं: पहिल्या पायवर २० पासून, पाय २ आणि ३ वर ३एफ पासून, पाय ४ वर एफई पासून. हा फेरफार डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) 'रेंजेस' म्हणून लिहिलेला असतो. ७ई०००००० चं ३एफ००००००, लांबी १६ एमबी. आणि आयओरीमॅप देतो तो कर्नलचा आभासी पत्ता म्हणजे तिसरा नंबर. सातबाऱ्याचं बरं, तिथे दोनच असतात.

सुडो लावून आयओमेम उघडली. ३एफ२००००० पासूनची ओळ आणि तिच्यापुढे नाव जीपीआयओ@७ई२०००००. दोन्ही नंबर एकाच ओळीत, पहिल्या दिवसापासून तिथेच. मी लॅपटॉप मिटून गोठ्यात गेलो, म्हशीला कुटार टाकलं आणि मग परत येऊन बसलो.

रिक्वेस्ट मेम रीजनने तो पट्टा आपल्या नावावर मागितला तर नल, म्हणजे बिझी. पिन कंट्रोलच्या ड्रायव्हरने तो पट्टा आधीच आपल्या नावावर केलेला. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव. मी बेशरमपणे तो भाग काढला आणि नुसता आयओरीमॅप केला. पहाटे तीनला रिले टक् वाजला. आई म्हणाली, "उंदीर हाये का बाप्पा?"

हे असं करू नका. पिन वापरायची असेल तर कर्नलच्या जीपीआयओडी नावाच्या फंक्शनांतून मागा, मीही नंतर तसंच लिहिलं. आयओरीमॅप तुमच्या स्वतःच्या यंत्रासाठी, तेही 'डेव्हएम आयओरीमॅप रिसोर्स' वालं, म्हणजे पट्टा राखणं आणि मॉड्यूल काढताना सोडणं आपोआप होतं. पॉइंटरला थेट तारा (*) लावून वाचू-लिहू नका, रीडएल आणि राइटएल वापरा. आणखी एक, ब्लॉक १८० बाइटांचा असला तरी नकाशा ४०९६ च्या पानानेच होतो, त्यामुळे हद्द ओलांडली तरी लगेच कोणी ओरडत नाही.

रिलेची तार अजून स्टार्टरला जोडलेली नाही. बाबा म्हणतात, आधी आठ दिवस टेबलावर वाजव, मंग पाहू. या आठवड्यात रात्रपाळी आहे, आताच बॅटरी घेऊन निघाले.